अचानक येणाऱ्या पाहुण्याचं ताट

आमच्या सूनबाई पोलंडच्या. हे वाक्य मी गेल्या तीनेक वर्षांत इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते नमस्कारासारखं आपोआप तोंडातून निघतं. ऐकणारा आधी "अरे वा!" म्हणतो, मग "कुठं आलं हो ते?" असं विचारतो, आणि शेवटी आवाज खाली आणून मनातला खरा प्रश्न काढतो, "आपलं जेवती का?" राहात्याच्या बाजारात, बँकेत, दवाखान्यात सगळीकडे क्रम हाच. जेवते बाबांनो. ठेचासुद्धा खाते. डोळ्यांतून पाणी काढत खाते, पण खाते.

मुलगा तिकडे फळप्रक्रिया शिकायला गेला होता. येताना पदवी, पेरूचा गर काढायचं यंत्र आणि बायको अशा तीन गोष्टी घेऊन आला. यंत्र पहिल्याच हंगामात बंद पडलं. पदवी भिंतीवर आहे. बायको तेवढी कामाची निघाली, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, कारण त्याला ते स्वतःचं कर्तृत्व वाटेल.

मी स्वतः तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. मी निवृत्त झाले, माझं लाल पेन झालं नाही. ते अजून पर्समध्ये असतं. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे फलक, दिसेल ते मी तपासून देते. लोक तोंडभरून आभार मानतात आणि पुढच्या वेळी मला काही दाखवत नाहीत.

आमचं घर गावाबाहेर, पेरूच्या बागेत. एका अंगणात दोन घरं आहेत, एक आमचं आणि एक धाकट्या दिरांचं, मध्ये मेंदीचं कुंपण. पूर्वी ते गुडघ्याएवढं होतं आणि जाऊ त्याच्यावरून वाटी पुढे करून साखर मागायची. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे, कारण दोन्ही घरांपैकी कुणीही ते कापायला तयार नाही. आधी कापणारा नमला, असा आमच्याकडे हिशेब असतो.

हे का झालं ते सांगते. मुलाचं लग्न तिकडे कचेरीत झालं, दोन सह्या आणि एक केक. इकडे आम्ही स्वागत समारंभ ठेवला आणि त्याची पत्रिका छापली. आमच्या भागात पत्रिका ही वाचायची नसते, मोजायची असते. कोण निमंत्रक, कोण व्यवस्थापक, कुणाचं नाव वरच्या ओळीत, कुणाचं खाली. त्या पत्रिकेत बाजार समितीतले एक गृहस्थ होते ज्यांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. ह्यांच्या शाळासोबत्याचा जावईही होता. फक्त ह्यांचा एकुलता एक भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, ही दोन नावं नव्हती. ते समारंभाला आले नाहीत. मांडवात बसलेल्या प्रत्येकाने आम्हाला विचारलं की ते का आले नाहीत. मी सगळ्यांना सांगितलं, छापखान्याची चूक झाली.

आता लिहायलाच बसले आहे तर खरं लिहिते. छापखान्याची काही चूक नव्हती. लग्न ठरल्याचं कळल्यावर जाऊ दळणाच्या गिरणीत चार बायकांसमोर म्हणाली होती, "गोरी काय संसार करनार? वर्षात पळून जाईल." ते माझ्या कानावर आलं. त्याच आठवड्यात पत्रिकेचा कच्चा कागद तपासायला आला. लाल पेन हातातच होतं. मी दोन नावांवरून रेघ मारली आणि कागद परत पाठवला. ही गोष्ट ह्यांना माहीत नव्हती, मुलाला माहीत नव्हती. बिचाऱ्या छापखानेवाल्याला मी अडीच वर्षं शिव्या खायला लावल्या, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

तर गेल्या दिवाळीत, फराळ झाल्यावर, मुलगा मला ओट्यावर एकटीला गाठून म्हणाला, "आई, ती मार्चमध्ये परत जायचं म्हणतेय. म्हणजे आम्ही दोघं. कायमचं."

"का? ठेचा फार होतोय का?"

"तिला वाटतं तिच्यामुळे दोन घरं तुटली. काकू तिच्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत आजपर्यंत. ती रोज त्या कुंपणाकडे बघते. म्हणते, मी आले आणि हे उगवलं."

"जाताना खिडकीजवळची जागा घ्या," मी म्हटलं. "ढग चांगले दिसतात."

तो उठून गेला. मी आत जाऊन चकलीचा रिकामा डबा पुसत बसले. अर्धा तास पुसला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ह्या मुलीने फोनवर गजर लावून दर चार तासांनी माझ्या डोळ्यात थेंब घातले होते, पहाटेसुद्धा. दर वेळी "आई, वर बघा" म्हणायची, ते इतकं हळू की झोपेतसुद्धा मी वर बघायची. ती गेली तर मी कुणाच्या सांगण्यावरून वर बघणार होते? मला भीती वाटली होती. आणि काय केलं की ती थांबेल, हेही मला नीट ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला स्वतःची चूक मोठ्याने वाचता येत नाही. मी डबा फडताळात ठेवून दिला.

डिसेंबर लागल्यावर सूनबाईंनी जाहीर केलं की यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण ती इथे करणार, अगदी तिच्या आईकडे होतं तसं. "एकदा तरी," ती म्हणाली. तो 'एकदा तरी' मला कळला. मी म्हटलं, कर.

मग नियम बाहेर यायला लागले. दिवसभर उपास, आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत. मटण-कोंबडी वर्ज्य. मोजून बारा पदार्थ. टेबलावर पांढरंच कापड आणि कापडाखाली वाळलं गवत, कारण येशूचा जन्म गोठ्यातला. मला सगळं ओळखीचं वाटलं. उपास, चांदणी, वर्ज्य पदार्थ. एवढ्या लांबून आलेला धर्म आणि आमच्या आत्याबाईंच्या व्रतांपेक्षा काही वेगळा निघाला नाही. मासा मात्र चालतो म्हणे, कारण मासा हे मांस धरत नाहीत. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा धर्मशास्त्राकडे कान देऊन बसले. "लई अभ्यास करून लिवलंय बरं का," म्हणाले. मी माळकरी, म्हणून मासा परसातल्या चुलीवर, आणि तो तवा पुन्हा घरात यायचा नाही, एवढ्या अटीवर मी मान्यता दिली.

गवत आणायचं काम ह्यांच्याकडे. पहिल्या दिवशी हे गाईसाठी कापलेला हिरवा घास घेऊन आले. ती म्हणाली, वाळलेलं. मग हे कडब्याची अख्खी पेंढी घेऊन आले. ज्वारीच्या ताटांवर कापड घालून त्यावर बशी ठेवली तर बशी चालायला लागली. तिसऱ्या खेपेला बांधावरचं वाळलं गवत आलं. हे मला म्हणाले, "जनावराला घालायचं ते माणसाच्या ताटाखाली घालत्यात. मोठा देश असंल."

खरी ठिणगी पडली ती शेवटच्या नियमावर. घरात आम्ही चौघं, आणि ती टेबलावर पाच ताटं मांडणार होती.

"पाचवं कुणाचं?" मी विचारलं.

"अचानक येणाऱ्या पाहुण्याचं."

"कोण येणार आहे?"

"माहीत नाही, आई. म्हणून तर अचानक."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर रिकामं. आमच्याकडे नेहमी रिकामंच राहिलं. एकदाही कोणी नाही आलं. पण आई अजून ठेवते."

आता आमच्याकडे माणूस नसताना ताट कुणासाठी मांडतात, हे मी तिला कसं सांगणार? पितृपंधरवड्यात पितरांसाठी. गेलेल्या माणसासाठी. ऐन सणाच्या संध्याकाळी, दिव्यासमोर, भरल्या घरात कुणासाठी तरी रिकामं ताट, ह्या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. पण मार्च समोर होता, म्हणून मी नाही म्हटलं नाही. मी डोकं चालवलं. ताट रिकामं राहायला नको असेल तर पाहुणा यायला हवा, आणि तो यायला हवा असेल तर त्याला आधी सांगून ठेवायला हवं. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक गावात राहतात. घंटा चुकली तरी ते चुकायचे नाहीत. मी त्यांना फोन लावला.

"सर, चोवीस तारखेला संध्याकाळी पावणेसातला आमच्याकडे अचानक या."

पलीकडे कागद-पेनाची शोधाशोध ऐकू आली. मग म्हणाले, "बाई, अचानक म्हणजे नक्की पावणेसात, की पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील?"

"चालतील. पण आश्चर्य वाटल्यासारखं करा."

"लिहून ठेवतो," म्हणाले.

चोवीस तारीख उजाडली ती एका दुर्घटनेने. सूनबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी कोबी चिरून, मीठ लावून एका बरणीत आंबवत ठेवली होती. बारातला एक पदार्थ. तिचा वास दुसऱ्या आठवड्यात ओट्यावरून दिवाणखान्यात आला होता, पण मी मार्च डोळ्यांसमोर ठेवून गप्प होते. सकाळी धुणंभांडं करायला बाई आली. तिने बरणी उघडली, नाक धरलं, आणि उपकाराच्या भावनेने सगळी कोबी उकिरड्यावर रिकामी करून बरणी लख्ख घासून पालथी घातली. ही बाई दोन्ही घरचं काम करते. दोन वर्षं आमच्या दोन घरांमधलं टपाल तीच वाहते, आणि टपाल वाटेत उघडून वाचायची तिला सवय आहे.

सूनबाई त्या पालथ्या बरणीकडे बघत उभी राहिली. मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि हुंदके देऊन रडायला लागली. तिकडे आईचेही डोळे भरून आले. पडद्यावर आई एकटीच, वडील कुठे दिसत नव्हते. ते तेव्हा झोपले होते, हे मला माहीत होतं. बाईला माहीत नव्हतं. ती ओला फडका हातात घेऊन दारात उभी होती.

"काय झालं हो?" तिने मला विचारलं.

कोबीवरून तिथेच आरडाओरडा नको म्हणून मी म्हटलं, "तिच्या माहेरचं आहे. तिला आज काही विचारू नको."

दुपारी चार वाजता बाई पुन्हा आली तेव्हा तिने काय पाहिलं, ते मी नंतर जुळवलं. टेबलावर कोरी पांढरी चादर, कारण एवढं मोठं टेबलक्लॉथ राहात्यात मिळालं नाही. चादरीखालून डोकावणारं वाळलं गवत. मेणबत्त्या फक्त केकवर लावायच्या, आकड्यांच्या मिळाल्या, म्हणून मधोमध आमची समई, आणि तीही एका वातीची, कारण सूनबाई म्हणाली एकच ज्योत छान दिसेल. घासायला पातेली ढीगभर, पण खरकटं ताट एकही नाही, म्हणजे घरात कुणी जेवलेलं नाही. आमचे हे उपाशी, म्हणून भिंतीला टेकून तोंड पाडून बसलेले. आणि चार माणसांच्या घरात पाच ताटं. ह्या सगळ्याचा अर्थ लावायला तिला माझी गरज पडली नाही. तिने भराभर भांडी घासली आणि चहासुद्धा न घेता गेली. चहा न घेता ती गेली तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

सहा वाजता ह्यांना चांदणी बघायला गच्चीवर पाठवलं. उपासाने त्यांची नजर फार तीक्ष्ण झाली होती. पाचच मिनिटांत वरून आरोळी आली, "निघाली! वाढा!" आम्ही सगळे धावत गच्चीवर गेलो. चांदणी शिर्डीच्या विमानतळाकडे वळून खाली उतरायला लागली. ह्यांचं म्हणणं, देवाचीच माणसं येत्यात, मोजायला काय हरकत? सूनबाई त्या दिवसात पहिल्यांदा हसली. मग खरी चांदणी आली आणि आम्ही खाली उतरलो.

टेबल भरलं होतं. बीटचं लाल सार. बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, ज्या तळायच्या सोडून उकडून फुकट घालवल्या होत्या, पण चवीला बऱ्या होत्या, मी स्वयंपाकघरात दोन चोरून खाल्ल्या होत्या, उपास मोडून. अळंबी, वाटाणे, सुक्या फळांचं सरबत, खसखशीचा गोड रोल, आणि माझ्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला मासा. सूनबाईने बोटाने मोजलं.

"अकरा," ती म्हणाली.

"चालतंय की," हे म्हणाले. "अकरा शुभ असतंय."

तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. तिकडे दुपार होती, आई मागे काहीतरी ढवळत होती. पावणेसात झाले. सात वाजायला आले. मुख्याध्यापकांचा पत्ता नाही. ज्या माणसाने तीस वर्षांत एकदा उशीर केला नाही, त्याला आजच उशीर झाला. (कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी ते पांढरी टोपी घालून आले, हात जोडून म्हणाले, "काल दुःखाच्या घरी जेवायला कसा येणार, बाई?" बातमी गावात पोचली होती.)

सूनबाईने एक बशी पुढे केली. तिच्या आईने टपालाने पाठवलेली पांढरी पोळी, कागदाएवढी पातळ, प्रवासात तुकडे तुकडे झालेली. जेवणाआधी प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातला तुकडा मोडून घ्यायचा, त्याला चांगलं चिंतायचं, आणि वर्षात काही चुकलं असेल तर माफी मागायची. हा नियम तिने शेवटी सांगितला. आधी सांगितला असता तर मी जेवणाला परवानगीच दिली नसती. मी तुकडा हातात घेतला आणि समईची वात नीट करायला लागले, जी नीटच होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. "आले, अचानक आले!" म्हणत मी उठले.

दारात जाऊ उभी होती. दिरांचा पत्ता नव्हता, ते भिंगारला लेकीकडे गेलेले. डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेली टोपली. माझ्याकडे न बघता ती सरळ आत गेली, टोपली टेबलाच्या कडेला टेकवली, सूनबाईला कवेत घेतलं आणि मोठ्याने रडायला लागली. "कसं गं झालं, बाय माजे! एवढ्या लांब तू, तोंडसुदिक बघाया न्हाई मिळालं!"

सूनबाईला शब्द कळले नाहीत, मिठी कळली. अडीच वर्षांत जी बाई तिच्याकडे बघत नव्हती ती तिला छातीशी धरून हंबरडा फोडत होती. सूनबाईही रडायला लागली. एक दुःखाने आणि एक आनंदाने, अशा दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या, आणि ह्या दोघींत ढवळाढवळ करायची कुणाची हिंमत होईना.

"कदी गेले?" जाऊने शेवटी विचारलं.

"कोण, काकू?" मुलगा म्हणाला.

"हिचे वडील."

त्याच वेळी तांब्याला टेकलेल्या फोनवर एप्रन घातलेला एक लठ्ठ गृहस्थ आला आणि हातातला डाव हलवून आनंदाने सगळ्यांना नमस्कार करायला लागला. जाऊ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चादरीकडे पाहिलं, समईकडे पाहिलं, गवताकडे, माशाकडे. हळूहळू तिचा चेहरा बदलला. कुणी गेलं नव्हतं. म्हणजे ती बोलावल्याशिवाय आली होती. ह्या घरात. सणाच्या जेवणाला.

तिने डोळे पुसले, पदर खांद्यावर घेतला. "मग मी जाते," म्हणाली. "मयताला बोलावनं लागत न्हाई म्हनून आले. घरात चूल पेटली नसंल म्हनून पिठलं-भाकर आनली. खावा न्हाईतर कुत्र्याला घाला."

सूनबाईने पाचव्या ताटावर हात ठेवला. "काकू, हे ताट तुमचं आहे."

"माझं कसं? माझं नाव कुटं लिवलंय त्याच्यावर?" जाऊ सुनेशी बोलत होती, पण बघत होती माझ्याकडे.

"नाव नसतं ह्याच्यावर," सूनबाई म्हणाली. "जो येतो त्याचं."

जाऊ उंबऱ्याकडे वळली. सगळे माझ्याकडे बघत होते. हे, मुलगा, फोनमधला डाव हातात घेतलेला माणूससुद्धा. मी त्या क्षणी तरी शहाण्यासारखं 'बस ना गं' एवढं म्हणून सुटू शकले असते. पण सूनबाई तिच्या पाठीकडे बघत होती, अगदी कुंपणाकडे बघते तशी. मला ते सहन झालं नाही. मी पोळीचा तुकडा जाऊच्या समोर धरला.

"छापखान्याची चूक नव्हती," मी म्हटलं. "तुमची नावं मी खोडली होती. माझं चुकलं."

हे उठून उभे राहिले आणि काय करावं न सुचून पुन्हा बसले. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

"म्हाईत हाय," जाऊ म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"छापखाना माझ्या मावसभावाचा हाय, आक्का. लाल पेनाचा कागूद त्यानं त्याच दिशी मला आनून दाखिवला. अजून हाय माझ्या पेटीत." मग म्हणाली, "रेघ लई सरळ मारलीवती तुमी. पट्टी लावून."

पट्टी लावली होती. मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. अडीच वर्षं तिला हे माहीत होतं. तरीही माझ्या सुनेचा बाप गेला असं ऐकल्यावर तिने भाकरी थापल्या होत्या.

तिने माझ्या हातातला तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. "ह्याला चव न्हाई," म्हणाली. "आन गिरनीत मी पन नको ते बोललेवते. जाऊ द्या."

मुलगा सूनबाईच्या कानाशी लागून तिला सगळं समजावून सांगत होता. पत्रिका, लाल पेन, रेघ. ती ऐकत होती. मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द जपून उचलत म्हणाली, "म्हणजे, माझ्यामुळे नव्हतं?"

मी समईची वात पुन्हा नीट करायला लागले.

"तुझ्यामुळं?" जाऊ खुर्ची ओढून पाचव्या ताटावर बसत म्हणाली. "तुझा काय संबंध गं ह्यात? आमचं तू यायच्या लई आधीपासून हाय. सर तिकडं, टोपली सोड. पिठलं निवतंय."

सूनबाईने टोपली सोडली. पिठल्याचं भांडं बीटच्या साराशेजारी ठेवलं. पुन्हा एकदा बोटाने सगळं टेबल मोजलं, आणि मग फोनकडे तोंड करून तिच्या भाषेत आईला काहीतरी ओरडून सांगितलं. मला त्यातलं फक्त पिठलं कळलं.

मार्च आला आणि गेला. तिकिटांचा विषय कुणी काढला नाही, आणि मीही विचारलं नाही, न जाणो कुणाला आठवण व्हायची. कुंपण जाऊने आणि मी एकाच दिवशी, आपापल्या बाजूने कापलं. आता रोज संध्याकाळी मी एक ताट जास्तीचं मांडते. ते रिकामं राहत नाही. जाऊ बोलावल्याशिवाय येते, त्यावर बसते, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगते.